परीक्षेच्या भिंतीवरून पोलीस ठाण्यात : बडोदा, मे २००७

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विद्याशाखेत मे महिना म्हणजे परीक्षेचा महिना. तिथे उत्तरपत्रिका कागदाची नसते. विद्यार्थी वर्षभराचं काम विभागातल्या भिंतींवर, जमिनीवर मांडतो. परीक्षक ते बघतात, त्याला प्रश्न विचारतात आणि गुण देतात. ९ मे २००७ रोजी अशीच मांडणी लागली होती. पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षातल्या, प्रिंटमेकिंग शिकणाऱ्या, आंध्रातून आलेल्या एका विद्यार्थ्याची कामंही त्यात होती. एका मोठ्या छापचित्रात देवीच्या रूपातली स्त्री प्रसूत होताना दाखवली होती. दुसऱ्या कामात क्रूस होता आणि शौचालयाचं भांडं.

शहरातले एक वकील-कार्यकर्ते साथीदारांसह आवारात शिरले. देवीची विटंबना झाली, ही त्यांची तक्रार. क्रुसाच्या कामाबद्दल ख्रिस्ती समाजातूनही तक्रार झाली. पोलीस आले आणि विद्यार्थ्याला घेऊन गेले. भारतीय दंड संहितेची १५३अ (गटागटांत वैर पसरवणं) आणि २९५अ (धर्मभावना जाणूनबुजून दुखावणं) ही कलमं लागली. जामीन मिळाला तो १४ मे रोजी. मधल्या काळात, ११ मे रोजी, विद्यार्थ्यांनी निषेध म्हणून भारतीय कलापरंपरेतल्या शृंगारिक प्रतिमांचं एक प्रदर्शन आवारातच लावलं. ते बंद करा, असं विद्यापीठ प्रशासनाने प्रभारी अधिष्ठाता शिवाजी पणिक्कर यांना सांगितलं. त्यांनी नकार दिला, आणि ते निलंबित झाले. आवारात घुसलेल्यांविरुद्ध विद्यापीठाने मात्र फिर्याद दिली नाही.

नाना जातिधर्मांच्या, नाना भाषांच्या समाजात बोलण्याच्या स्वातंत्र्याला मर्यादा कुठे घालायची, या चर्चेत हे प्रकरण नेहमी येतं. बहुतेक वेळा चर्चा ‘ते चित्र चांगलं होतं की वाईट’ इथे सुरू होते आणि तिथेच संपते. माझ्या मते चित्राचा निवाडा ही या प्रकरणातली शेवटची गोष्ट आहे. त्याआधीचे प्रश्न असे : रेषा आखण्याचा अधिकार आधी कोणाचा, मग कोणाचा, आणि हा क्रम उलटा झाला की काय होतं. बडोद्यात तो क्रम पुरता उलटा झाला. आधी जमाव आला, मग पोलीस आले, मग विद्यापीठाने स्वतःच्याच माणसावर कारवाई केली. त्या विद्यार्थ्याला ‘बाबा, तू हे का काढलंस’ असं अधिकाराने विचारण्याची वेळ आलीच नाही. खरं तर परीक्षा म्हणजे हाच प्रश्न विचारण्याची जागा.

ज्या शहरात हे घडलं ते शहर

बडोद्याचा मराठी माणूस या प्रकरणाकडे त्रयस्थपणे बघू शकत नाही. हे विद्यापीठ १९४९ सालचं, ललित कला विद्याशाखा त्याच्या पुढच्या वर्षीची. पहिल्या पिढीच्या शिक्षकांत नारायण श्रीधर बेंद्रे होते, मूळचे इंदूरचे. शंखो चौधुरी बंगाली, पुढे आलेले के. जी. सुब्रह्मण्यन केरळचे. मराठी राजाच्या नावाच्या विद्यापीठात, गुजराती शहरात, देशभरातून मुलं यायची आणि अजूनही येतात. पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता. परप्रांतीयाला बोलावून घेणं हा या शहराचा जुना स्वभाव. राजा रविवर्मा केरळातून आले आणि त्यांनी काढलेली देवदेवतांची चित्रं लक्ष्मीविलास राजवाड्यात लागली. कीर्ती मंदिराच्या भिंती नंदलाल बोस यांनी रंगवल्या. राजवाड्याबाहेरचं बडोदंही असंच भरत गेलं. फाळणीनंतर सिंधी आले. १९६०च्या दशकात कोयलीची रिफायनरी उभी राहिली आणि मल्याळी, तमिळ कुटुंबं आली. दाऊदी बोहरा आणि सुन्नी मुसलमान, छोटा उदेपूरकडून मजुरीला येणारे राठवा आदिवासी, आणि दांडिया बाजार, रावपुऱ्यातले आम्ही मराठी, असे सगळे इथे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर राहतो.

पण बोलावणं आणि पाठीशी उभं राहणं यांत फरक आहे. हा फरक बडोद्याने एकदा फार वाईट रीतीने दाखवलेला आहे. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर परदेशात शिकून आलेले डॉ. आंबेडकर १९१७ साली करारानुसार संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. अस्पृश्य म्हणून त्यांना राहायला जागा मिळेना, म्हणून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. तिथे काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर काढलं गेलं. सरकारी निवासासाठी त्यांनी दिवाणांकडे केलेल्या अर्जाची तातडी कोणालाच वाटली नाही. सयाजीबागेतली संकल्पभूमी त्या दिवसाची खूण आहे. ललित कला विद्याशाखा तिथून लांब नाही. दोन्ही घटना एकसारख्या आहेत असं मी म्हणत नाही; जन्मावरून झालेला अपमान आणि चित्रावरून झालेली अटक यांना एका तराजूत घालता येणार नाही. पण ज्या संस्थेने माणसाला सन्मानाने बोलावलं, तिनेच दारात जमाव आल्यावर हात वर केले, एवढं दोन्हीकडे आहे.

दुसऱ्या बाजूचंही खरं सांगायला हवं. २००७ मध्ये हे शहर शांत, निर्धास्त नव्हतं. १ मार्च २००२ रोजी हनुमान टेकरी भागातल्या बेस्ट बेकरीत १४ माणसं मारली गेली होती. मे २००६ मध्ये, म्हणजे या प्रकरणाच्या बरोबर एक वर्ष आधी, रस्तारुंदीसाठी महानगरपालिकेने एक जुना दर्गा पाडल्यावर दंगल झाली आणि माणसं दगावली. ‘शहर पेटलं असतं’ हे कुलगुरूंच्या किंवा पोलिसांच्या तोंडचं वाक्य म्हणूनच मी हसण्यावारी नेणार नाही. ज्यांनी संचारबंदीत मुलं घरात कोंडून रात्री काढल्या त्यांना ते वाक्य पोकळ वाटत नाही.

तरीही ते या प्रकरणाला लागू पडत नाही. २००२ आणि २००६ मध्ये शहर कुठल्या चित्रामुळे पेटलं नव्हतं. माणसांच्या विरुद्ध माणसं उठवली गेली, म्हणून पेटलं होतं. गुजरातेत त्या काळात अमुक लोकांच्या दुकानांवर जाऊ नका, त्यांना काम देऊ नका, असं सांगणारी पत्रकं वाटली गेली. बहुभाषी, बहुधर्मी शहराला खरा धोका असतो तो अशा बोलण्याचा, शेजाऱ्याला शेजारी म्हणून जगू न देणाऱ्या बोलण्याचा. मर्यादा तिथे हवी, आणि कडक हवी. १५३अ हे कलम नेमकं त्यासाठी आहे. तेच कलम परीक्षेच्या भिंतीवरच्या छापचित्राला लावलं गेलं, ही या प्रकरणातली मला सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट.

दोन कलमं, आणि त्यांच्यात राहून गेलेली फट

राज्यघटनेच्या कलम १९(१)(क) ने भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य दिलं. १९(२) ने त्यावर कोणत्या कारणांसाठी बंधनं घालता येतील ते सांगितलं. १९५० साली लागू झालेल्या मूळ घटनेत त्या कारणांमध्ये ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ नव्हती. ती १९५१च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आली, आणि त्याच दुरुस्तीने बंधन ‘वाजवी’ असलं पाहिजे ही अटही घातली. लोक पहिला अर्धा भाग लक्षात ठेवतात, दुसरा विसरतात. ‘भावना दुखावणं’ हे कारण त्या यादीत नाही. ते येतं दंड संहितेतून, २९५अ मधून.

हे कलम १९२७ सालचं. लाहोरात एका पुस्तिकेवरून उठलेल्या वादळानंतर इंग्रज सरकारने ते घातलं. स्वातंत्र्यानंतर १९५७ मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं, पण त्याला कुंपण घालूनच. नकळत, निष्काळजीपणे किंवा दुष्ट हेतू नसताना झालेला धर्माचा अपमान त्यात बसत नाही. जाणूनबुजून आणि द्वेषबुद्धीने केलेला, अपमानाचा तीव्र प्रकारच तेवढा बसतो. आता ही कसोटी बडोद्याला लावून बघा. परीक्षकांसमोर मांडलेलं काम, गुण मिळवण्यासाठी केलेलं, विभागाच्या भिंतीवर. त्यात द्वेषबुद्धी शोधायची असेल तर निदान त्या मुलाचं म्हणणं तरी ऐकायला हवं होतं.

१५३अ बद्दलची गोष्ट मराठी वाचकाने तर नक्कीच लक्षात ठेवावी. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर ५ जानेवारी २००४ रोजी हल्ला झाला, तो एका परदेशी अभ्यासकाच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकावरून. त्या पुस्तकाच्या संदर्भात पुण्यात गुन्हाही दाखल झाला होता. तो सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २००७ रोजी रद्द केला. न्यायालयाने म्हटलं की १५३अ ला दोन गट लागतात, एकाला दुसऱ्याविरुद्ध उठवण्याचा हेतू लागतो. नुसत्या एका समाजाच्या भावना दुखावल्याने ते कलम लागत नाही. शिवाय शब्दांचा परिणाम खंबीर, समंजस माणसावर काय होईल ते बघायचं, सदा डळमळणाऱ्या मनावर काय होईल ते नाही. ही दुसरी कसोटी मुळात १९४०च्या दशकातली, नागपूर उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी घालून दिलेली. म्हणजे बडोद्यातल्या अटकेच्या जेमतेम पाच आठवडे आधी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलं होतं की १५३अ कुठे लागतं आणि कुठे नाही. त्या छापचित्रात दोन समाज एकमेकांपुढे उभे केलेले नव्हते. हिंदू आणि ख्रिस्ती अशा दोन्ही बाजूंनी तक्रार झाली, म्हणून कलम दुप्पट लागलं, असं कोणाला वाटत असेल तर उलट आहे : दोघेही चित्रकारावर रागावले होते, एकमेकांवर नाही.

मग असं झालं कसं? उत्तर कलमांच्या भाषेत नाही, ती लावण्याच्या पद्धतीत आहे. या दोन्ही गुन्ह्यांसाठी एक चांगलं संरक्षण कायद्यात आधीपासून आहे. सरकारची पूर्वमंजुरी असल्याशिवाय न्यायालयाला त्यांची दखल घेता येत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १९६व्या कलमात ते होतं. कारण स्पष्ट आहे. कोणीही उठावं आणि धर्माच्या नावाने खटला भरावा, असं होऊ नये. पण ही मंजुरी लागते न्यायालयाच्या दारात. पोलीस ठाण्याच्या दारात लागत नाही. गुन्हा दखलपात्र, म्हणजे वॉरंटशिवाय अटक करता येणारा, आणि अजामीनपात्र असल्यामुळे अटक आधी होते, मंजुरीचा प्रश्न केव्हातरी पुढे येतो. तोवर शिक्षा भोगून झालेली असते. या फटीतून बडोद्याचा विद्यार्थी आत गेला.

ती फट पुढे बुजवण्याचा प्रयत्न झाला. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात यांत्रिकपणे अटक करू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार खटल्यात सांगितलं. तरी १ जानेवारी २०२१ रोजी इंदूरच्या एका कॅफेत एक विनोदी कलाकार अटकेत गेला आणि महिनाभराहून अधिक काळ तुरुंगात राहिला. ५ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने त्याला अंतरिम जामीन दिला तेव्हा याच निकालाची आठवण करून दिली. १ जुलै २०२४ पासून जुनी दंड संहिता आणि जुनी प्रक्रिया संहिता दोन्ही गेल्या. १५३अ आणि २९५अ आता भारतीय न्याय संहितेत १९६ आणि २९९ या क्रमांकांनी आहेत. प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(३) मध्ये मात्र एक कामाची तरतूद आहे : तीन ते सात वर्षांच्या दरम्यान शिक्षा असलेल्या गुन्ह्यात पोलिसांना आधी १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. गुजरातेतल्याच जामनगरमध्ये एका खासदाराविरुद्ध कवितेवरून दाखल झालेला गुन्हा २८ मार्च २०२५ रोजी रद्द करताना न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांनी सांगितलं की शब्दांबद्दलच्या अशा गुन्ह्यांत ही चौकशी करणंच योग्य. त्यांनीही बोस यांची नागपूरची कसोटीच पुन्हा पुढे ठेवली. २००७ मध्ये ही तरतूद असती आणि कोणी वापरली असती, तर त्या १४ दिवसांत निकाल लागून मुलगा पदवी घेऊन गावी पोचला असता.

आमच्या वर्गात झालेला वाद

दांडिया बाजारात आम्हा काही मराठी मंडळींचा एक अभ्यासवर्ग चालतो. हे प्रकरण मी तिथे ठेवलं तेव्हा कलमांवर कोणी फारसं भांडलं नाही. भांडण झालं ते निषेधाच्या प्रदर्शनावरून.

वर्गात एक निवृत्त शिक्षिका येतात. आम्ही सगळे त्यांना बाई म्हणतो. त्या म्हणाल्या, “हे बघा, देवीचं असं चित्र बघून मला वाईट वाटेल. ते वाटू नये असं मला कोणी शिकवू नका.” आमच्यातल्या वकील काकांनी उत्तर दिलं, “बाई, वाईट वाटू नये असं कायदा म्हणतच नाही. वाईट वाटलं म्हणून पोराला आत टाका, एवढं तुम्ही म्हणू नका.” त्यावर ललित कलेतच शिकलेली एक तरुण मैत्रीण म्हणाली, “पण काका, देवीच्या प्रसूतीत वाईट काय आहे? लज्जागौरी विसरलात का?”

तिचा मुद्दा खरा आहे. कमळाच्या मस्तकाची, पाय फाकवून प्रसूतीच्या आसनात असलेली लज्जागौरी मराठी मुलखाला परकी नाही. तेर आणि भोकरदनच्या पुरातन अवशेषांत ती सापडते. आईपण हेच तिचं देवपण. त्या छापचित्रात अश्लीलता बघणाऱ्याने आपलीच जुनी प्रतिमा बघितलेली नसते. निषेधाचं प्रदर्शन लावणाऱ्या विद्यार्थ्यांना हेच म्हणायचं होतं. पुढे ८ मे २००८ रोजी, बडोद्याच्या घटनेला वर्ष व्हायला एक दिवस असताना, पंढरपुरात जन्मलेल्या आणि इंदुरात वाढलेल्या मकबूल फिदा हुसेन यांच्यावरचे खटले दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केले, तेव्हा न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनीही भारतीय कलेतल्या नग्नतेच्या परंपरेचा आधार घेतला.

तरीही हा आधार मला अपुरा वाटतो, आणि ते मी वर्गातही बोललो. खजुराहोत आहे म्हणून चालतं, असं एकदा म्हटलं की स्वातंत्र्य पूर्वजांच्या दाखल्यावर अवलंबून राहतं. मग त्या क्रुसाच्या कामाचं काय? क्रूस आणि शौचालयाचं भांडं यांना आपल्याकडच्या कोणत्याही मंदिरात दाखला नाही. शृंगारिक शिल्पांची छायाचित्रं लावून त्या कामाचा बचाव होत नव्हता, आणि कोणी केलाही नाही. म्हणजे बहुसंख्याकांच्या परंपरेत बसणारं निम्मं काम वाचवायचं आणि दुसरं निम्मं सोडून द्यायचं, असा त्या बचावाचा न कळत अर्थ झाला. बहुधर्मी शहरात हा दाखल्याचा मार्ग धोक्याचा आहे. ज्या समाजाच्या जुन्या कलेत मोकळेपणा आहे त्याच्या देवांबद्दल बोलायचं, ज्याच्या नाही त्याच्याबद्दल गप्प बसायचं, असा नियम त्यातून निघतो आणि तो कोणालाच मान्य होणार नाही. त्या विद्यार्थ्याचा हक्क दोन्ही कामांना सारखाच होता, कारण दोन्ही कामं परीक्षेसाठी होती, कोणाच्या देवळाच्या किंवा चर्चच्या दारात नेऊन ठेवलेली नव्हती, आणि त्यांनी कोणत्याही माणसाला हात लावा असं सांगितलं नव्हतं.

बाईंनी मान्य केलं असं नाही. पण त्यांनी एक प्रश्न विचारला जो माझ्या मनात राहिला : ज्या ख्रिस्ती माणसाला ते काम खरोखर लागलं असेल, त्याने जायचं कुठे? मोकळेपणाची बाजू घेणारे आपण सगळे या प्रश्नाला बगल देतो. त्याच्यापुढे दोनच वाटा होत्या, गप्प बसणं किंवा पोलीस ठाणं. तिसरी वाट विद्यापीठाने बांधलेलीच नव्हती.

पुढे काय झालं

पणिक्कर बडोदा सोडून गेले. नंतर ते दिल्लीच्या आंबेडकर विद्यापीठात शिकवू लागले. एक चांगला कलेतिहासकार या शहराने स्वतःहून घालवला. पण त्यांचं निदान दुसरीकडे बस्तान बसलं. विद्यार्थ्याचं तसं झालं नाही. जामिनावर सुटला तरी त्याचा निकाल लागला नाही. वर्षं गेली, तो पदवीसाठी खेटे घालत राहिला. २ फेब्रुवारी २०१८ रोजी विद्यापीठाच्या मुख्य कार्यालयात, कुलगुरूंच्या दालनात, आग लागली आणि ती लावल्याच्या आरोपाखाली पोलिसांनी त्याला पुन्हा अटक केली. आरोप तो आरोप. त्याचा निवाडा माझं काम नाही, आणि जाळपोळ कोणीही केली तरी तिचं समर्थन होणार नाही. पण शिकायला आलेल्या मुलाची परीक्षा अकरा वर्षं अर्धवट लटकवून ठेवणं ही कुठल्या कलमाची शिक्षा, हे विद्यापीठाला कोणीतरी विचारायला हवं होतं. न्यायालयाने दोषी ठरवलेलं नसताना निकाल रोखण्याचा हा निर्णय कोणत्याही जमावाने घेतलेला नव्हता. तो टेबलामागे बसलेल्या माणसांनी घेतलेला होता, वर्षामागून वर्ष.

त्याच फेब्रुवारीत, १६ ते १८ तारखेला, बडोद्यात ९१वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. शहरभर आम्हा मराठी लोकांची धावपळ, पाहुण्यांची सोय, ग्रंथदिंडी. लेखनस्वातंत्र्यावर मांडवात बोललं जात होतं. दोन आठवड्यांपूर्वी त्याच गावात पकडल्या गेलेल्या त्या तेलुगू मुलाला आपलं म्हणावं, असं आमच्यातल्या फार थोड्यांना सुचलं. तो आपला नव्हता ना, ना भाषेने, ना गावाने. अनेक भाषांच्या शहरात स्वातंत्र्य असं भाषेभाषेने वाटलं जातं, आणि प्रत्येक गट फक्त आपल्या लेखकासाठी जागा होतो. मला याची फार खंत आहे.

मे २०२२ मध्ये त्याच विद्याशाखेत पुन्हा तसंच झालं. बलात्काराच्या बातम्यांची वर्तमानपत्री कात्रणं वापरून देवतांचे आकार केले म्हणून गदारोळ, एका विद्यार्थ्याविरुद्ध गुन्हा, विद्यापीठातून काढून टाकण्याची कारवाई. पंधरा वर्षांत शिकवण्याची साधनं बदलली असतील, संकट आल्यावर वागण्याची रीत बदललेली नव्हती.

आधी कोणाकडे

वर्गाच्या शेवटी आम्ही एक मसुदा केला, उद्या अशीच तक्रार कोणत्याही कलाशाळेत आली तर काय करावं याचा. त्यातला मुख्य भाग साधा आहे. परीक्षेतलं काम ही उत्तरपत्रिका समजावी. तिच्यावरची तक्रार आधी विद्याशाखेकडेच लेखी यावी. तक्रारदाराला बोलावून त्याचं म्हणणं शांतपणे ऐकावं, विद्यार्थ्याचं शिक्षकांसमक्ष ऐकावं, आणि दोघांना कारणांसह लेखी उत्तर द्यावं. हे आठवड्याभरात व्हावं, कारण लांबवलेली चौकशी म्हणजे न दिलेलं उत्तर. तोवर काम भिंतीवरून उतरवू नये आणि मूल्यमापन थांबवू नये. निकाल कोणत्याही परिस्थितीत रोखू नये. गुण हा परीक्षकांचा विषय आहे, जमावाचा किंवा कुलसचिवांचा नाही. पोलिसांत जायला तक्रारदार मोकळा आहेच, पण विद्यापीठाने स्वतः विद्यार्थ्याला ताब्यात देऊ नये, त्याला वकील द्यावा, आणि १७३(३) ची प्राथमिक चौकशी मागावी. आवारात जबरदस्तीने शिरून कोणाला धमकावलं तर त्याबद्दलची फिर्याद विद्यापीठाने त्याच दिवशी द्यावी. १९८९ मध्ये एस. रंगराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंच आहे की जमावाच्या धमकीपुढे सरकार आपली असहायता पुढे करू शकत नाही. संरक्षण देणं हे त्याचं कर्तव्य आहे. विद्यापीठालाही तेच लागू व्हायला हवं.

यात एका कलमावर आमचं अजून जुळलेलं नाही. बाईंची सूचना अशी की मांडणीच्या दारात पाटी असावी : आतल्या काही कामांत धार्मिक प्रतिमा वेगळ्या रीतीने वापरलेल्या आहेत, बघणाऱ्याने ठरवून आत यावं. वकील काकांचा ठाम विरोध. ते म्हणतात, उद्या तीच पाटी पुरावा म्हणून न्यायालयात येईल. तुम्हाला आधीच माहीत होतं की हे लागणार आहे, म्हणजे हेतू होता. त्यांची भीती खोटी नाही. पण मी बाईंच्या बाजूचा आहे. इशारा देऊन आत बोलावणारा माणूस द्वेषबुद्धीने वागत नाही, उलट समोरच्याला निवड देतो, आणि २९५अ च्या जागी आलेल्या २९९च्या कसोटीवर हीच गोष्ट त्याच्या बाजूने जाते. शिवाय ज्याला बघायचं नाही त्याला न बघता परत जाण्याची मुभा, ही त्याच्या श्रद्धेला दिलेली खरी जागा आहे. मसुद्यात ते वाक्य कसं लिहायचं, यावर पुढच्या बैठकीत पुन्हा बसायचं ठरलं आहे.